दहा मोजेपर्यंत

साचे रविवार पेठेतून आणलेले:
एक अंगठी, एक गाऊन, एक साधं वर्तुळ.
गाऊनमधून कापून निघाली ती देवळातली घंटा,
आणि अंगठीचा हिरा भाजताना सुजला
इतका, की शाल्मली म्हणाली,
एवढा त्याला परवडायचा नाही.

वारज्याचा चौथा मजला, शनिवारची दुपार.
सोफ्यावर वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांवर जाळ्या,
जाळ्यांवर गार होत पडलेली अठ्ठेचाळीस बिस्किटं.
बिस्किटं नाही गं, कुकीज, रेणू तिसऱ्यांदा म्हणते.
शाल्मलीच्या आईने दारातूनच विचारलं,
केळवणाला हे? आणि जेवायला काय?

एका दिवसाचा वर्ग करून आलीये फक्त रेणू.
तिचा नियम एकच:
वाटीतल्या आयसिंगमधून सुरी फिरवा आणि मोजा.
दहा म्हणेपर्यंत रेघ बुजली पाहिजे.
आधीच बुजली तर पातळ, काठावरून ओघळेल.
बुजलीच नाही तर घट्ट,
मग पाणी घाला. चमच्याने नव्हे. थेंबाने.

आम्ही चौघी पस्तिशीच्या,
लपाछपीत राज्य आल्यासारख्या
मोठ्याने मोजतो.

नीलांबरी महापालिकेच्या पथ विभागात आहे.
रस्त्यावरचे पांढरे पट्टे ती आखून घेते,
जे या शहरात कोणी पाळत नाही.
तिने कोन हातात घेतला, जीभ दातांत धरली,
आणि वर्तुळाच्या कडेने अशी रेघ फिरवली
की रेणूचं शिकवणं तिथेच थांबलं.
याच्यावरून तरी कोणी स्कूटर घालणार नाही, ती म्हणाली.

माझ्या कोनातून आधी नुसती हवा,
मग फुस्स,
मग एकदम सगळं.
हे भूत आहे का? शाल्मलीने विचारलं.
नवरामुलगा, मी म्हटलं.
ती हसताना तिच्या नाकाला पिठीसाखर लागलेली.
पुढच्या रविवारी ती पिंपळे सौदागरला राहायला जाणार,
म्हणजे आमच्या हिशेबाने परदेशी.

गुरुवारी घाणा भरताना
तिच्या आत्याने मला हलकेच म्हटलं होतं,
तू जरा इकडे बस हं राजा, पंख्याखाली.
मुसळाला आंब्याची पानं बांधलेली, पाच जणी तयार.
मी सहावी.
कोर्टातल्या सहीला तीन वर्षं झालेली.
आत्याच्या आवाजात इतकी माया होती
की मी जाऊन बसलेसुद्धा.
वारा छान येत होता.

साखरेच्या कुकीला अजून शास्त्र नाही.
कोणी हात लावू नये, हे कुठल्याच पाकिटावर छापलेलं नाही,
मी मैद्याचं उलटून पाहिलं.
शाल्मलीने सुजलेल्या हिऱ्याची अंगठी
माझ्यापुढे सरकवली. ही तू भर.
का, ते ती म्हणाली नाही.
मी सुरी फिरवत होते, मोजत होते.

आधी काठ आखायचा, मग मधे रंग सोडायचा,
टूथपिकने तो कोपऱ्यांपर्यंत न्यायचा.
बुडबुडा आला तर लगेच टोचायचा,
उशीर झाला तर फुटतो, पण खड्डा राहतो.
हे रेणू कुकीविषयीच सांगत होती.
माझा गुलाबी हिऱ्यातून बाहेर आला, खाली जाळीवर टपकला.
चालेल, शाल्मली म्हणाली, ही माझी.

वाळायला आठ तास, तोवर कोणी बोट लावायचं नाही.
रात्री आईने पिठलं टाकलं.
मोडलेली एक घंटा चहात बुडवून म्हणाल्या,
बरं आहे. थोडी वेलची चालली असती.

सगळ्या गच्चीत गेल्या तेव्हा मी भांडी घासत होते.
ओल्या फडक्याखाली अर्धी वाटी आयसिंग उरलेलं.
उगाच, एकदा, मधून सुरी फिरवली.
एक, दोन,
रेघ उभी होती, चांगली खोल,
पाच, सहा,
सातला वरून हाक आली, अगं ये ना.
ओल्या हातांनीच गेले.
ती बुजली का ते बघायचं राहिलं.